न मोजलेल्या समुद्राची राखण

शेतकऱ्याला कणगीत हात घालून दाणे किती उरले याचा अदमास घेता येतो. धनगर संध्याकाळी वाड्यात शिरणारी मेंढरे मोजतो आणि एखादे कमी भरले तर रात्रीच त्याच्या शोधास निघतो. समुद्रावर उपजीविका करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. बेतुलचा खारवी असो वा मालवणचा गाबीत, होडीत आलेली मासळी त्याला मोजता येते. होडीत न आलेली मासळी मात्र पाण्याच्या पडद्याआड असते. ती स्थलांतर करते, एकमेकींस खाते, एखाद्या वर्षी अमाप वाढते आणि एखाद्या वर्षी दिसेनाशी होते. असे असूनही यंदा किती पकडावी म्हणजे पुढच्या वर्षी जाळे रिकामे येणार नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागते. ते कायदा देतो, बाजार देतो, नाही तर इंजिनाची ताकद देते.

पुस्तकी उत्तर तसे सोपे आहे. समुद्रातील साठा हे मुद्दल आणि त्यात दरवर्षी पडणारी भर हे व्याज. व्याजापुरतेच खावे, मुद्दलास हात लावू नये. या हिशोबात एक गंमतही आहे. साठा जेव्हा अगदी भरलेला असतो तेव्हा अन्नाची व जागेची चणचण असल्यामुळे व्याज थोडेच पडते. साठा फार रोडावला तर अंडी घालणारे मासेच उरत नाहीत, म्हणून तेव्हाही व्याज थोडे. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, साठा साधारण निम्म्याच्या आसपास उतरला असता, वार्षिक भर सर्वांत मोठी असते. हे ठिकाण शोधून काढणे म्हणजेच मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन. अडचण एवढीच, की या पेढीची खातेवही ग्राहकाला पाहावयास मिळत नाही.

ही खातेवही अप्रत्यक्षपणे तयार करण्याचे तंत्र उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रांत विकसित झाले. त्याकरिता अनेक वर्षांची आणि जातवार अशी माहिती लागते: किती मासळी उतरली, ती पकडण्यास किती नौका किती दिवस खपल्या, पकडलेल्या माशांची वये काय होती, आणि व्यापारी नौकांवर अवलंबून न राहता संशोधन नौकेने स्वतंत्रपणे जाळे टाकले तेव्हा काय आढळले. माशाचे वय ठरविण्याची युक्ती मोठी मनोरंजक आहे. त्याच्या कानात चुन्याचा एक लहानसा खडा असतो. थंड प्रदेशात उन्हाळ्यात मासा भरभर वाढतो व हिवाळ्यात त्याची वाढ मंदावते, त्यामुळे झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्षागणिक वलये त्या खड्यावर उमटतात. ती मोजली की वय कळते.

कोकण, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावर ही युक्ती तितकीशी चालत नाही. येथील समुद्र बारमाही उबदार असल्याने वलये पुसट असतात आणि पुष्कळ जातींच्या बाबतीत ती वर्षाची आहेत की आणखी कशाची, हाच वाद होतो. शिवाय येथे जाळ्यात एक जात येत नाही. ट्रॉलरच्या एका फेरीत कोळंबी, माकूळ, वाकटी, ढोमा, राणी मासा आणि त्यांच्या जोडीला नावही न विचारता कुटीच्या ढिगात जाणारी कितीतरी बारीक मासळी वर येते. यांतील प्रत्येक जातीचे स्वतंत्र मूल्यमापन करावयाचे म्हटले तर त्याचा खर्च मासळीच्या मोलाहून अधिक व्हावयाचा. ही अडचण केवळ भारताचीही नव्हे. ज्यांचे रीतसर मूल्यमापन झालेले नाही अशा मत्स्यव्यवसायांतूनच जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक मासळी येते, असे २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद केले होते. तेव्हा आकड्यांची टंचाई हा अपवाद नसून तोच नियम आहे.

मग जेथे आकडे भरपूर होते तेथे तरी सर्व काही ठीक झाले काय? १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्स्ली या विख्यात शास्त्रज्ञाने असे मत मांडले होते, की कॉड, हेरिंग यांसारखी समुद्राची मोठी मत्स्यसंपत्ती माणसाच्या हातून संपणे शक्य नाही. त्या काळची साधने पाहता ते मत अगदीच अवास्तव नव्हते. पुढे वाफेची व डिझेलची इंजिने आली, ध्वनिलहरींनी माशांचा थवा शोधणारी यंत्रे आली, आणि कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळचा कॉड, जो सुमारे पाचशे वर्षे युरोपातील गलबते भरीत आला होता, तो इतका घटला की २ जुलै १९९२ रोजी तेथील सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार एका आदेशाने गेला. दोन वर्षांची म्हणून घातलेली ही बंदी उठण्यास २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही पकडीची मुभा मिळाली ती पूर्वीच्या मानाने अगदी थोडी.

या घटनेतील खरी शिकवण आकड्यांच्या अभावाची नाही, आकड्यांच्या अर्थाची आहे. मोठ्या ट्रॉलरांना दर तासाला मिळणारी मासळी अखेरपर्यंत फारशी घटली नव्हती. साठा आटत असताना उरलेला कॉड दाटीने एकत्र येत होता, आणि यंत्रांनी सज्ज नौका नेमक्या त्या दाटीवरच जाऊन जाळे टाकीत होत्या. कागदावर समुद्र भरलेला दिसत होता. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक मात्र मासा मिळेनासा झाल्याची तक्रार कित्येक वर्षे आधीपासून करीत होते. तिला शास्त्रीय आकड्याची प्रतिष्ठा नव्हती, म्हणून तिकडे पुरेसे लक्ष गेले नाही. बांगडा आणि तारली हे थव्याने राहणारे मासे असल्याने हा धोका पश्चिम किनाऱ्यावरही तसाच आहे. पर्ससीन नौकेला शेवटचा थवासुद्धा पहिल्या थव्याइतकाच भरगच्च लागतो.

भारतात मोजणी होतच नाही असे मात्र मुळीच नाही. १९४७ साली स्थापन झालेली आणि आता कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था अनेक दशके उतरणाऱ्या मासळीचा अंदाज नमुना पद्धतीने काढीत आली आहे. देशात मासळी उतरविण्याची हजाराहून अधिक ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणी रोज माणूस बसविणे अशक्य. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडतात, महिन्यातील दिवस व ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने निवडतात, निवडलेल्या ठिकाणी पाहणी करणारा मनुष्य ठरावीक तास उभा राहून काही नौकांची मासळी जातवार नोंदतो, आणि त्यावरून साऱ्या राज्याचा अंदाज गणिताने बांधला जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त शीत कोणते उचलावे हे आचाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेले नसते. ही पद्धत जगातील उष्ण कटिबंधीय देशांत नावाजलेली आहे. तरीदेखील तिच्यातून कळते ते बाहेर काय आले एवढेच. आत काय उरले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

येथे माशाची लांबी मदतीस येते. समजा, एखाद्या गावात गेलेल्या पाहुण्याला दिवसभर हिंडूनही तिशीच्या पलीकडचे एकही माणूस भेटले नाही. जनगणनेचा कागद न पाहताही तो समजेल, की येथे माणसे म्हातारी होईतो जगत नाहीत. काहीतरी अरिष्ट आहे. बंदरावर उतरलेल्या माशांचेही तसेच. मोजपट्टी लावलेली एक साधी फळी घ्यावी, तीवर महिन्याला काही शे बांगडे ठेवून त्यांची लांबी टिपावी, आणि हे काम काही वर्षे नेटाने चालवावे. मोठे मासे दुर्मीळ होत चालले आणि सरासरी लांबी उतरत गेली, तर साठ्यावरचा ताण वाढत आहे असे अनुमान निघते. या अनुमानाला गणिताची बैठक बेव्हर्टन व हॉल्ट या इंग्रज शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दिली. पुढे १९८० च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये काम करीत असलेल्या डॅनिएल पॉली यांनी, वय न वाचता केवळ लांबीच्या नोंदींवरून माशाची वाढ व मृत्युमान काढण्याची पद्धत संगणकावर आणली आणि उष्ण प्रदेशांतील गरीब देशांना आपल्या परवडीचे शास्त्र प्रथमच मिळाले. अर्थात लांबीही फसविते. एखाद्या वर्षी पिलांची पैदास विलक्षण झाली तरी सरासरी लांबी घटते. तेव्हा ती घट संकटाची नसून सुबत्तेची असते. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून ओरड करू नये आणि पाच वर्षांच्या आकड्यांकडे डोळेझाकही करू नये.

याच विचारातून जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ राइनर फ्रोजे यांनी २००४ साली तीन सोप्या कसोट्या पुढे ठेवल्या. पकडलेला प्रत्येक मासा एकदा तरी अंडी घालून झालेला असावा. तो वाढीच्या दृष्टीने सर्वांत फायदेशीर मापाच्या जवळपास असावा. आणि फार मोठ्या, वयस्क माद्यांना शक्यतो हात लागू नये. तिसरी कसोटी व्यापाऱ्याला विचित्र वाटेल, कारण मोठ्या माशालाच भाव असतो. परंतु कित्येक जातींत मादीचे वजन दुप्पट झाले तर अंडी दुपटीहून अधिक होतात. एक मोठी मादी मारणे म्हणजे अनेक लहान माद्यांची कूस रिकामी करणे होय. या कसोट्या लावण्यास समुद्रात किती मासे आहेत हे ठाऊक असण्याची गरज नाही. जाळ्यात काय आले ते पाहिले की पुरते.

पहिल्या कसोटीला भारतात कायद्याचे रूप हळूहळू मिळत आहे. केरळने तारलीसाठी १० सेंटिमीटर व बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर अशी किमान मापे ठरविली. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी तशीच मापे जाहीर केली आणि पापलेटची मर्यादा १३५ मिलिमीटर ठेवली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. चौदा सेंटिमीटरचा बांगडा सामान्यतः अंडी घालण्याजोगा झालेला नसतो, तेव्हा हे माप शास्त्राच्या काट्यावर थोडे हलकेच आहे. ही सवलत तूर्त क्षम्य मानावी. जो नियम पहिल्याच दिवशी निम्म्या होड्यांना गुन्हेगार ठरवितो, तो दुसऱ्या दिवशी कोणीच पाळीत नाही. मात्र माप ठरविले आणि जाळ्याची आस तीच ठेवली तर त्याचा उपयोग नाही. लहान मासा वर आल्यावर बहुधा मेलेलाच असतो. तो पाण्यात परत टाकून साठा वाढत नाही. म्हणून ट्रॉलच्या जाळ्याला मागच्या टोकास, जेथे मासळी साठते तेथे, ४० मिलिमीटरची चौकोनी आस असावी असा आग्रह धरला जातो. नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते, चौकोनी आस उघडी राहते आणि पिले निसटून जातात.

काही गोष्टी तर मोजपट्टीशिवायही कळतात. प्रत्येक जातीच्या संसाराची रीत निराळी असते. मांदेली लवकर वाढते, लवकर अंडी घालते आणि अल्पायुषी असते. ती पुष्कळ पकडली तरी सावरण्याची शक्ती तिच्या ठायी आहे. मुशी व पाकट यांची गोष्ट उलट. त्यांना वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि पिले मोजकीच होतात. अशा जातींना अधिक जपावे हे सांगण्यास साठ्याचा आकडा लागत नाही. शिंगाळ्याचे उदाहरण तर मन विषण्ण करणारे आहे. या माशाचा नर मादीने घातलेली गोटीएवढी अंडी आपल्या तोंडात धरून ठेवतो आणि पिले बाहेर पडेपर्यंत अन्नास शिवत नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली आणि तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे त्यांत सापडू लागले. बापही गेला आणि तोंडातली पिढीही गेली. शास्त्रज्ञांनी त्याच वेळी लेखी इशारा दिला होता. तो इशारा मनावर घेण्यास नेमका आणखी कोणता आकडा हवा होता, हे सांगणे कठीण आहे. पुढे त्या किनाऱ्यावरील शिंगाळ्याची मासेमारी ओसरली.

आकडे नाहीत म्हणून निर्णय लांबविणे हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि त्याचा लाभ ज्याचे इंजिन मोठे त्याला होतो. गोव्याने याचा अनुभव घेतला आहे. तेथील रापण ही गावाच्या मेहनतीची मासेमारी: होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाने सोडावयाचे आणि मग पाचपन्नास माणसांनी दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढावयाची. मासा किनाऱ्याशी आला तरच तिला काम. १९६० नंतर ट्रॉलर आणि पुढे पर्ससीन नौका आल्या व त्यांनी किनाऱ्यालगतचे पाणी चाळून काढण्यास प्रारंभ केला, तेव्हा रापणकारांची जाळी हलकी होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात माथानी साल्ढाणा प्रभृतींच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. साठा किती घटला हे त्यांच्यापाशी कागदावर नव्हते. जाळे किती हलके झाले हे मात्र हातांना माहीत होते. या चळवळीनंतर १९८० साली गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांचा पट्टा यांत्रिक नौकांना वर्ज्य ठरविण्यात आला. महाराष्ट्राचा तसा कायदा १९८१ सालचा. पाच हाच आकडा का, चार किंवा सात का नाही, याला काटेकोर शास्त्रीय उत्तर नाही. परंतु उथळ पाण्यात पिले वाढतात आणि लहान होड्यांचा चरितार्थ तेथेच असतो, एवढे ज्ञान असा पट्टा आखण्यास पुरेसे होते. तो पट्टा रात्रीच्या अंधारात पाळला जातो की नाही, हा प्रश्न आकड्यांचा नसून गस्तीच्या नौकेचा आहे.

मासेमारांपाशी असलेल्या या ज्ञानाला शास्त्राच्या दरबारात मानाची जागा मिळवून देणारा मनुष्य म्हणजे रॉबर्ट जोहानिस. प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवर राहून त्याने वृद्ध मासेमारांना विचारून विचारून नोंदी केल्या. कोणता मासा कोणत्या महिन्यात, चंद्राच्या कोणत्या कलेला, खडकाच्या कोणत्या खिंडीत अंडी घालण्यास जमतो, हे त्या लोकांना तोंडपाठ होते. आणि त्यातील बराच भाग तोपर्यंत जगातील कोणत्याही ग्रंथालयात नव्हता. तिथींवरून भरतीओहोटी सांगणाऱ्या कोकणी खलाशाला यात नवल वाटावयाचे नाही. १९९८ साली त्याच जोहानिसने आकड्यांवाचून समुद्रव्यवस्थापन करण्याची बाजू एका निबंधात उघडपणे मांडली. त्याचे म्हणणे असे, की लहान बेटांच्या शेकडो जातींच्या मासेमारीला संपूर्ण आकडे कधीच मिळणार नाहीत. तेव्हा नेमके उत्तर मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा ढोबळ पण योग्य दिशेचा उपाय आज करावा.

त्याने पाहिलेले वानुआतूचे उदाहरण फार बोलके आहे. त्या द्वीपराष्ट्रात ट्रोकस नावाचा मोठा शंख बटणांसाठी विकला जातो. सरकारच्या मत्स्यखात्याजवळ मोजके कर्मचारी आणि बेटे मात्र दूरवर विखुरलेली. १९९० च्या सुमारास खात्याने थोड्या गावांना एवढाच सल्ला दिला, की आपल्या खडकांवरील शंख काही वर्षे उचलू नका, नंतर थोड्या दिवसांपुरते उघडा आणि पुन्हा बंद करा. तेथे खडकांवर गावाचा परंपरागत हक्क असल्याने जो वाट पाहील त्यालाच फळ मिळणार होते. ज्यांनी ऐकले त्यांना पुढे मिळालेली शंखांची रास शेजारच्या गावांनी पाहिली. मग न सांगता इतर गावे तसे करू लागली, आणि शंखांवरून इतर जीवांकडेही वळली. सरकारी अहवालाने जे घडले नसते ते शेजाऱ्याच्या राशीने घडविले. मात्र हे बेटांवरच साधते, हे विसरता कामा नये. बांगडा कोणत्याही गावाच्या हद्दीत राहत नाही. वेंगुर्ल्याने सोडलेला बांगडा मुरगावच्या जाळ्यात जाऊ शकतो, आणि हे ठाऊक असल्यामुळेच वेंगुर्ला तो सोडीत नाही.

भारतातही जेथे जीव जागेवर राहतो तेथे असा प्रयोग सफल झाला आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचे सरोवर आहे. तेथील शिंपला, जो गोव्याच्या बाजारात तिसऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांचाच एक, १९८० नंतर परदेशी जाऊ लागला. मागणी वाढली, उपसा वाढला, आणि १९९० नंतर उत्पन्न एकाएकी निम्म्याच्या आसपास घसरले. संशोधन संस्थेने सांगितलेले उपाय अगदी साधे होते: अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, उपसा बंद, जाळ्याची आस ३० मिलिमीटरांहून लहान नको, बारीक शिंपल्यांची निर्यात नको, यांत्रिक उपसा नको. पाणबुड्यासारखे बुडी मारून किंवा पायाने चाचपून शिंपले काढणाऱ्या लोकांनी ते मान्य केले. उत्पन्न सावरले, आणि २०१४ साली या मासेमारीला सागरी व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच.

मोकळ्या समुद्रासाठी जो उपाय सर्वांत व्यापक प्रमाणावर वापरला जातो तो पावसाळी बंदीचा. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची ही बंदी सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. तिच्यामागे जुनी रूढीही आहे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटावयाची नाही, हा नियम कोणत्याही कायद्याहून जुना. बांगडा आणि तारली यांचा विणीचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे येतो, त्यामुळे बंदी अगदी योग्य वेळी पडते. पण तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. त्या पावसाळ्यात जन्मलेली पिले ऑगस्टसप्टेंबरात किनाऱ्याजवळ दाटलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी दोन महिने बंदरात बांधलेल्या नौका कर्जाचे हप्ते मानगुटीवर घेऊन बाहेर पडतात. बंदीत वाचविलेले पुढील सहा आठवड्यांत कुटीच्या कारखान्यात गेले तर बंदी कोणासाठी पाळली? बंद दिवसांचा हिशोब किमान मापाच्या नियमाशिवाय पुरा होत नाही.

आणि येवढे सारे करूनही समुद्र आपला हट्ट सोडीत नाही, याचा दाखला तारलीने दिला आहे. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली होती. २०२१ साली ती अवघी ३,२९७ टन होती. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा लाखाच्या वर गेली. दोष पिले मारणाऱ्या जाळ्यांचा, की एल निनोने तापलेल्या पाण्याचा? दोन्हींचा हात असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. वाटा कोणाचा किती हे विलग करणे मोठे बिकट. तारलीचा हा लहरीपणा जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यालाही तिने असेच बुचकळ्यात टाकले होते, आणि १९४० नंतरच्या दशकात मलबार किनाऱ्यावर पिले वाचविण्यासाठी जाळ्यांवर घातलेले निर्बंध नंतर मागे घेण्यात आले. निसर्गाच्या हातचे चढउतार थांबविता येत नाहीत, हे खरे. परंतु दुष्काळाच्या वर्षी बियाणेही दळून खाल्ले तर पुढचा पाऊस चांगला पडूनही पेरणार काय, हा प्रश्न समुद्रालाही लागू आहे.

म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी असा विचार मान्य होत आहे, की भांडणाची वेळ येण्यापूर्वीच नियम ठरवून ठेवावेत. तीनचार खुणा निवडाव्यात: माशांची सरासरी लांबी, एका फेरीची मासळी, अपक्व माशांचे प्रमाण, आणि मासळी मिळविण्यास किती दूर जावे लागते हे अंतर. यांतील दोन खुणा सलग दोन वर्षे बिघडल्या तर मासेमारीचे दिवस अमुक इतके कमी, तिन्ही बिघडल्या तर अमुक पट्टा बंद, सुधारल्या तर सवलत परत, असे आधीच लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. संकट आल्यावर प्रत्येकाला आपलीच होडी दिसते. संकटापूर्वी थोडा न्याय सुचू शकतो. अशा खुणा टिपण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बंदरावरील मच्छीमार सोसायटीचा कारकून आणि एक मोजफळी एवढे साहित्य पुष्कळ आहे, जर त्याने टिपलेला आकडा लपविण्यात कोणाचे हित नसेल.

पश्चिम किनाऱ्यावर असा करार करावयाचा तर तो एका राज्याला एकट्याने करता येणार नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्राने २०१७ साली आपल्या हद्दीत बंदी घातली. तरीही अशा दिव्यांच्या आणि परप्रांतीय नौकांच्या तक्रारी सिंधुदुर्ग व गोव्याच्या बंदरांतून होत आल्या आहेत. कर्नाटकाची नौका गोव्याच्या पाण्यात, गोव्याची महाराष्ट्राच्या, असा हा फेरा आहे. तीन राज्यांचे किमान माप एक, जाळ्याची आस एक आणि बंदीचे दिवस एक, एवढे जरी जमले तरी पुढे मोजण्यासारखे काही उरेल. तूर्त मालिमच्या जेटीवर बांगडा उतरतो तो क्रेटच्या हिशोबाने. तो किती लांब आहे याचा लिलावात कोणी उल्लेख करीत नाही.